जपानीण आणि धोंडीआप्पांची ढोलकी

जन्मभर काय काम केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगतो, ‘मशीन वाजवायचो.’ समोरचा गोंधळतो. शिरूर भागात मशीन एकतर पिठाची असते, नाहीतर शिवणाची, आणि हल्ली रांजणगावच्या कंपन्यांतली. वाजवायची मशीन म्हटल्यावर लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. मग मी पार हार्मोनियमपासून सुरुवात करतो आणि तोवर त्यांची एसटी येते. दिवाळी अंकाच्या वाचकाला एसटी पकडायची नसते, म्हणून या वेळी सगळं सांगून टाकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शिरूरला बबनराव म्हणून एक मांडव आणि लाउडस्पीकरवाले होते. स्पीकर आपला आणि त्यातून गाऊन टाळ्या घेणार दुसरा, हे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी स्वतःचाच ऑर्केस्ट्रा काढला. आम्ही सात जण. लग्न, जत्रा, जयंती, शाळेचं गॅदरिंग, बोलावतील तिथे टेम्पोत बसून जायचो. मी पेटीवर. माझी बोटं आमच्या वस्तीतल्या विहारात, जयंतीच्या गाण्यांवर तयार झालेली. सुराला पक्का होतो, तालाच्या नावानं मात्र आनंद होता. बबनरावांनी माझी परीक्षा घेतली तेव्हा तिसऱ्याच ओळीला मी ढोलकीला मागे टाकून पुढे पळालो. ते मला घरी पाठवणार, इतक्यात ढोलकीवाले म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मालक. सूर हाय पोराकडं. ताल म्या देतो.”

हे धोंडीआप्पा. केंदूरचे. घरची मेंढरं जाऊन शेती आली होती, पण लहानपणी धनगरी ढोलावर बसलेला हात तसाच राहिला होता. आप्पांनी मला ताल तोंडानं कधी शिकवला नाही. मी पेटी घेऊन बसलो की ते माझ्या मागे बसायचे आणि माझ्या पाठीवर केरवा वाजवायचे. चुकलो की थाप जोरात. सहा महिन्यांत माझी पाठ तयार झाली आणि पाठीच्या मागोमाग मीही. पुढे सहा वर्षं आम्ही स्टेजवर शेजारी शेजारी बसलो.

मग जपानीण आली.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत फ्रान्सिससाहेब म्हणून एक निवृत्त गार्ड राहायचे. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. त्यानं जपानहून सिंथेसायझर, विजेवरची पेटीच म्हणा, आणला आणि पुढच्या सफरीला निघून गेला. साहेब गिटारवाले, त्यांना घरात ती अडगळ वाटायची. बबनरावांच्या कानावर गेलं आणि चार दिवसांत ती आमच्या गोडाऊनमध्ये, बांबू आणि कनातींच्या मधोमध येऊन बसली. काळी, चपटी, अंगभर बटणं. फुंकर नको, भाता नको, तार नको. बबनरावांनी तिला हार घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी आत जाईल म्हणून मी ओरडलो तेव्हा माझ्यावरच डाफरले.

ती काय करायची ते सांगतो. सा, ग, प असे तीन सूर एकदम दाबले की त्याला कॉर्ड म्हणतात. पेटीवर दाबले तर तिन्ही एकदम वाजतात. या मशीनला एक खटका होता. तो वर केला की दाबलेले सूर एकामागून एक आपोआप वाजायला लागायचे, सा ग प, सा ग प, बोट हललं नाही तरी. इंग्रजीत त्याला आर्पेजिओ म्हणतात. आम्ही त्याला पळती म्हणायला लागलो. शेजारी एक गोल बटण होतं, ते फिरवलं की पळती जलद किंवा सावकाश. ऐकायला फार गोड लागायची. गाण्याच्या मागे सतत पाण्याचा पाट वाहतोय असं वाटायचं.

शिकायला मी दौंडला फ्रान्सिससाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, दोन तास बटणं समजावली आणि निघताना मुद्द्याचं बोलले. “देख मॅन, ये तुमको नहीं सुनती. तुमको इसको सुनना पडेगा. तुम्हारा ढोलकवाला को भी.” मला वाटलं, म्हातारा उगाच भीती घालतोय.

पहिला कार्यक्रम शिरूरमध्येच, भर दुपारचं लग्न. पहिलं कडवं झकास गेलं. वरपक्षाची मंडळी जेवणाचा घास हातात धरून मशीनकडे बघत होती. पण आपल्याकडच्या ढोलकीची एक रीत असते. शेवटच्या कडव्याला लय चढवायची. ती कुणी कुणाला सांगत नाही, ढोलकीवाला खांदा जरासा पुढे झुकवतो आणि सगळे त्याच्यामागे निघतात. आप्पांनी खांदा झुकवला. सगळे निघाले, जपानीण जागची हलली नाही. ती आपल्याच चालीनं सा ग प, सा ग प करत बसली. मी घाबरून गोल बटण फिरवलं तर ती एकदम आप्पांच्याही पुढे पळाली. मधल्यामध्ये गायकाचे दोन दगडांवर पाय. गाणं कसंबसं आवरलं. नवरीचे मामा स्टेजपाशी आले आणि मनापासून काळजीनं विचारायला लागले, “करंट कमी पडला का?”

गोडाऊनला परत आल्यावर बबनरावांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. “मशीन चुकत नाही. माणूस चुकतो. दौंडचा कार्यक्रम दोन महिन्यांवर आलाय, रेल्वेच्या हॉलमधला. तिथली माणसं गिटार वाजवणारी, त्यांना चूक कळते. तोवर आप्पांना मशीनबरोबर जमलं तर ठीक, नाहीतर मी पुण्याहून ड्रमवाला आणतो.”

 आप्पांनी ढोलकीला गवसणी घातली, नाडी बांधली आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसानं मला ऑर्केस्ट्रात ठेवून घेतलं, त्याला मी वाजवत असलेली मशीन बाहेर काढणार होती. तेव्हाच ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, दौंडच्या स्टेजवर आप्पा आणि जपानीण एका लयीत बसवायचे. मी मुळातच हट्टी माणूस आहे. घरच्यांना विचारा.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात ते नऊ गोडाऊनमध्ये आम्ही दोघंच. समोरासमोर बसायचो, मध्ये मशीन. पहिले तीन दिवस नुसती झटापट. मी पळती लावायचो, आप्पा केरवा धरायचे आणि दोन आवर्तनांत सगळं विस्कटायचं. लय सारखीच असायची, तरी कानाला काहीतरी खुपत राहायचं. चौथ्या दिवशी आप्पांनी ढोलकी बाजूला ठेवली आणि डोळे मिटून नुसतं मशीनकडे तोंड करून बसले. बोटांवर काहीतरी मोजत होते.

“मधू,” ते म्हणाले, “ही बया तीन पावलं टाकती.”

“म्हणजे?”

“आरं, सा ग प, सा ग प. तीनच की. माझा केरवा आठाचा, चार आन् चार. तिचा सा कवा माज्या धा वर पडतो, कवा ना वर, कवा मधीच. ती चुकत न्हाई आन् म्याबी चुकत न्हाई. आमचं लगीनच चुकीचं लावलंय तू.”

 बटणं मी शिकलो होतो, साहेबांकडे जाऊन आलो होतो, आणि दोषाचं मूळ ढोलकीवाल्यानं बोटांवर मोजून काढलं. मी तीन सुरांच्या जोडीला वरचा सा दाबला. सा ग प सां, सा ग प सां. चार पावलं. आप्पांनी ढोलकी ओढली आणि पहिल्याच आवर्तनात खालचा सा नेमका त्यांच्या थापेवर येऊन बसला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसायला लागलो. सहा मात्रांच्या दादऱ्याला तीन सूर, आठ मात्रांच्या केरव्याला चार, हा नियम मी पुढे आयुष्यभर वापरला. कुठल्या पुस्तकात आहे की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर रोज काहीतरी सापडत गेलं. हात उचलून पुन्हा दाबला की पळती पहिल्या सुरापासून सुरू होते, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून प्रत्येक समेवर हात क्षणभर उचलायचा आणि आप्पांच्या थापेबरोबर खाली आणायचा. मशीन केसभर मागेपुढे झालेली असली तरी समेला परत दावणीला. उजवा हात गोल बटणावर आणि डोळे आप्पांच्या खांद्यावर. खांदा झुकला की प्रत्येक समेला बटण थोडंसं पुढे, मोहरीएवढं. गाण्याची चाल वाजवायला मला हातच उरला नाही, ती सनईवरून क्लॅरिनेटवर आलेल्या आमच्या वादकाकडे दिली. त्याला आनंदच झाला.

आणखी एक हट्ट आप्पांनी धरला. “आन् ही बया मधीच आजारी पडली तर? तुला ह्ये हातानं ईल का?”

मी म्हटलं, आप्पा, हातानं इतकं एकसारखं येत नाही, म्हणून तर मशीन बनवली.

“मंग शीक की.”

रोज शेवटचा अर्धा तास खटका खाली. डाव्या हातानं सा ग प सां, एकेक सूर, न थांबता, चढत्या लयीत. मनगट सुजायचं. घरी तेल चोळून घ्यायचो आणि आप्पांना मनातल्या मनात शिव्या द्यायचो. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत तो आठ सुरांचा ताण आजही थंडीत आठवण करून देतो.

एवढं करूनही एक गोष्ट मला कळत नव्हती. सकाळी दोघंच असलो की मोत्यासारखं जमायचं. दुपारी सगळा ताफा बसला, गायक, क्लॅरिनेट, बोंगो सुरू झाले, की आप्पा लयीतून सुटायचे. मी त्यांच्या शेजारी एक छोटा स्पीकर ठेवला, त्यातून फक्त पळती. ते म्हणायचे, “आजून मोठा कर.” मी मोठा करायचो. पुन्हा तेच. इनामगावच्या जत्रेत तर एक आजोबा गाणं चालू असताना स्टेजवर चढले आणि टेबलावरचा कपडा उचलून, आत बसून कोण वाजवतंय ते शोधायला लागले. लोक हसले म्हणून आमची चूक झाकली गेली. बबनरावांच्या नजरेतून मात्र सुटली नाही. त्या दिवशी माझा तोल गेला. टेम्पोत बसताना मी आप्पांना म्हणालो, “तुम्हाला ऐकायचंच नाहीये का?” हे वाक्य मी उच्चारलं, त्यांच्याएवढ्या माणसाला. ते नुसते ढोलकीची दोरी ताणत बसले.

दौंडचा कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. हॉल भरलेला. रेल्वेतली माणसं कुटुंबासकट, पहिल्या रांगेत फ्रान्सिससाहेब सूट घालून. बबनराव स्टेजच्या कडेला अॅम्प्लिफायरपाशी. आप्पा स्वच्छ धुतलेलं धोतर नेसून आले होते. बसताना मला म्हणाले, “आज म्या तुझ्या हाताकडं बघनार हाय. कानावर इसंबनार न्हाई.” मला वाटलं, ते माझ्यावर रागावलेले आहेत.

आणि खरोखरच त्या दिवशी ते माझ्या डाव्या हाताकडे बघत वाजवत होते. समेला हात उचलला की त्यांना कळायचं. मी त्यांच्या खांद्याकडे बघायचो, ते माझ्या हाताकडे. एकामागून एक गाणी उतरत गेली. एकदाही सुटलं नाही. साहेब पायानं ताल देत होते आणि बबनराव हळूहळू खुर्चीत मागे रेलायला लागले.

शेवटचं गाणं लांबलचक, मागे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पळती. दोन कडवी राहिली असताना हॉलमधले पंखे मंदावले. दुपारची वेळ, व्होल्टेज उतरलं. जपानीण विजेच्या बाबतीत फार नाजूक होती. तिचा सूर खाली घसरायला लागला, पळती लंगडायला लागली. क्लॅरिनेटवाल्यानं डोळे मोठे केले. गायकाच्या आवाजात शंका आली. आप्पांचा हात मात्र जसाच्या तसा चालू होता, आणि ते माझ्या हाताकडे बघत होते.

मी खटका खाली केला. पळती बंद. उजव्या हातानं सूर जुळवायचं बटण पकडून क्लॅरिनेटला मिळेपर्यंत वर ओढलं आणि डाव्या हातानं सा ग प सां, सा ग प सां, एकेक सूर स्वतः वाजवायला लागलो. आता मशीनला लय नव्हती. लय आप्पांची होती आणि मी तिच्यामागून चाललो होतो. त्यांना ते बोटं बघूनच कळलं असावं, कारण त्यांनी मान हलवली आणि खांदा झुकवला. लय चढली. मनगटातून आग निघत होती, पण थांबायचं नाही एवढंच डोक्यात होतं. शेवटच्या समेला सातही जण एकदम येऊन पडलो, आणि साहेब उठून उभे राहिले. त्यांच्यामागे हॉल उभा राहिला.

पडदा पडल्यावर साहेब मागच्या खोलीत आले. बबनरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, “लास्ट में क्या बजाया, मॅन! फर्स्ट क्लास!”

बबनरावांची छाती फुगली. “मशीनची कमाल आहे साहेब! आणि आप्पा, बघा, जमलं की नाही शेवटी मशीनबरोबर?”

आप्पा म्हणाले, “व्हय मालक. जमलं.”

इथे मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. आप्पांचं काम वाचलंच होतं. उलट खरं सांगितलं, तर मालक विचारतील की मशीन बंद असताना एवढं चांगलं होत असेल तर मशीन कशाला आणि मशीनवाला कशाला. पण इनामगावच्या टेम्पोतलं माझं ते वाक्य मला दिवसभर टोचत होतं.

“मालक,” मी म्हटलं, “शेवटच्या दोन कडव्यांना पळती बंद होती. व्होल्टेज गेलं होतं. मी हातानं वाजवलं, आप्पांच्या मागून.”

त्यांचा विश्वास बसेना. ते स्टेजवर गेले, वाकून खटका बघितला. खाली होता. परत आले आणि आप्पांसमोर येऊन उभे राहिले. साहेब नुसते हसत होते. त्या गिटारवाल्याला ते पहिल्याच आवर्तनात कळलं असणार.

“आप्पा,” बबनराव म्हणाले, “ते पुण्याच्या ड्रमवाल्याचं सोडा. तुम्ही आहात तोवर ढोलकी तुमचीच. उद्या तालमीला येताय ना?” एवढ्या वर्षांत त्यांनी आप्पांना ‘या’ असं सांगितलं होतं, ‘येताय ना’ असं विचारलं नव्हतं.

आप्पांनी गवसणीची नाडी बांधली. मान वर न करता म्हणाले, “येतो. पर एक काम करा. ह्या मधूला आन् मशिनीला माज्या उजव्या अंगाला बसवा. तीन वरसं झाली, डाव्या कानानं मला कायबी ऐकू येत न्हाई.”

 मी सहा वर्षं त्यांच्या डाव्या बाजूला बसत होतो. तो छोटा स्पीकरही मी तिकडेच ठेवला होता.

“अहो, मग सांगायचं नाही का?” बबनराव ओरडलेच. “दोन महिने घातलेत!”

“आदी सांगितलं आसतं,” आप्पा शांतपणे म्हणाले, “तर तुमी मला काडलं आसतं.”

बबनरावांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. कारण आप्पांचं म्हणणं खरं होतं, आणि ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.